हंगामभराचं औषध

डॉक्टर नलावडे गेले त्याला आता एक पावसाळा उलटून गेला. तरी मिरजगावच्या स्टँडकडून घरी येताना त्यांच्या दवाखान्याच्या जागेसमोर माझी पावलं रेंगाळतात. तिथं आता मोबाईलचं दुकान झालंय. दुकानदार मला दरवेळी विचारतो, "बाई, काच बसवायचीय का मोबाईलला?" त्याला काय सांगू, की मी वास घ्यायला थांबते म्हणून! लवंगेचा वास. दवाखाना होता तेव्हा तो रस्त्यापर्यंत यायचा, आणि नवखा माणूस हमखास विचारायचा की इथं मसाला कुटून मिळतो का. आता तो वास येत नाही, आणि येणार नाही हे मलाही कळतं. पण थांबल्याशिवाय राहवत नाही.

डॉक्टर मूळचे अकोले तालुक्यातले, राजूरच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. तिकडं पाऊस असा पडतो म्हणे, की चार महिने कपडे वाळत नाहीत. तो भाताचा, डोंगराचा मुलूख सोडून हा माणूस त्याच जिल्ह्यातल्या आमच्या कोरड्या कर्जत तालुक्यात आला तो बायकोच्या बदलीपायी. त्या इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पुढे त्या आजारपणात गेल्या, मुलगा शिकून पुण्याला स्थायिक झाला, आणि डॉक्टर मात्र इथंच राहिले. "इथं पाऊस नाही, भात नाही. राहिलात कशासाठी?" असं मी एकदा विचारलं होतं.

"दात आहेत ना," ते म्हणाले. "आणि ज्वारीची भाकरी खाऊन बरे राहिलेले दात. आमच्याकडं एवढे चांगले नाहीत."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. दात राहत. एकदा एका लग्नाच्या मांडवात माझ्या शेजारी बसले होते. समोरून फेटा बांधलेले एक गृहस्थ हात जोडत आले, तसे डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "वरची डावी दाढ. तीन मुळं, त्यातलं एक असं वाकडं, की सुई जाता जाईना. पार घाम काढला हो त्या दाढेनं." मी विचारलं, "नाव काय त्यांचं?" तर डोकं खाजवायला लागले. ते गृहस्थ गावचे सरपंच होते, आणि डॉक्टरांच्या दवाखान्याचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं होतं.

आमच्या भागात दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, हे समीकरण पक्कं. पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायचा, "काडून टाका एकदाचा." हे वाक्य ऐकलं की डॉक्टरांचा चेहरा उतरायचा. "काढायचाच असेल तर माझ्याकडं कशाला आलात? पक्कड लोहाराकडंही असते," असं म्हणून ते त्याला उठवायला निघायचे. मग थोड्या वेळानं आवाज खाली आणून समजावत. "अहो, दात म्हणजे घरातला माणूस. आजारी पडला म्हणून कुणी घरातल्या माणसाला बाहेर काढतं का?" यावर एका म्हातारीनं त्यांना सुनावलं होतं, "माज्या सुनांना सांगा त्ये!" ती गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगत.

मी गावातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. आमची ओळख झाली ती त्या विषयामुळंच. एका दुपारी डॉक्टर प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. हातात झाकणबंद छोटी बाटली, आणि तोंडावर लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसाचा संकोच. बाटलीत होता कुणाच्या तरी दाताच्या मुळातून कागदाच्या बारीक वातीवर टिपलेला पू. "बाई, यातले जंतू वाढवून द्याल का?" ते म्हणाले. "मला त्यांना काही खाऊ घालून बघायचंय."

मी हसले, पण त्यांना जे पाहायचं होतं ते हसण्यासारखं नव्हतं. दाताची नस मेली की मुळातली बारीक नळी पोकळ होते आणि तिथं जंतू घर करतात. ती नळी साफ करून, आत औषध ठेवून, शेवटी एका लेपासकट गुलाबी रबरी काडीनं ती कायमची बुजवायची, ही झाली त्यांची रोजची कामगिरी. "पण कितीही घासा," ते म्हणाले, "आडोशाला काही जंतू राहतातच. आणि मेलेल्या दातात रक्त फिरत नाही, म्हणून गिळलेली गोळी तिथवर पोचत नाही. जे काय करायचं ते आत भरलेल्या जिनसेनंच करायचं. मग मी आत भरतो ती जिन्नस नेमकी किती दिवस लढते, हे मला कळायला नको का?"

मग आमचा उद्योग सुरू झाला. काचेच्या बश्यांत खळीसारखं आगर ओतायचं, त्यावर जंतू पसरायचे, मधे छोटे खळगे करून डॉक्टरांची औषधं भरायची आणि उबेत ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची पांढुरकी साय धरलेली असे, आणि ज्या औषधाला ते भ्यालेले असत त्याच्याभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ. डॉक्टर कॉलेज भरायच्या आधीच येऊन बसलेले असत. निकालाच्या दिवशी पोरांचे बाप सुद्धा इतके लवकर येत नाहीत.

त्यांचा लाडका लेप म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी आणि लवंगेचं तेल. काचेवर पात्यानं तो घोटत बसायचे. पातं उचललं की लेपाची तार निघायला हवी, तुटायला नको. "एकतारी पाक बघता ना तुम्ही लाडवाला, तसं," असं त्यांनी मला शिकवलं होतं. त्या ताज्या लेपानं बशीत ऐसपैस वर्तुळ पाडलं तेव्हा त्यांनी शिपायासकट सगळ्यांना चहा पाजला. पण तोच लेप वाळून घट्ट झाल्यावर ठेवला, तर वर्तुळ दिसेल न दिसेल असं. डॉक्टरांनी ती बशी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"म्हणजे हा ओला असेपर्यंतच लढतो," ते म्हणाले.

"हो. पण वाळल्यावर भेग न ठेवता बसला असेल, तर आतले जंतू कोंडले जातील. खायला मिळणार नाही त्यांना," मी म्हटलं.

"मग तेच खरं. आधी मारायचे तेवढे मारायचे, आणि उरतील त्यांची वाट बंद करायची."

दुसरं औषध होतं चुन्याच्या जातीचं, ते काम पुरं व्हायच्या आधी नळीत ठेवायचं. त्याचं वर्तुळ ताजेपणीच जेमतेम आलं, तसे डॉक्टर माझ्यावरच घसरले. "तुमच्या आगरातच खोट आहे!" त्यात थोडं तथ्यही होतं. चुना आगरातून फारसा पसरत नाही, आणि आगर त्याचा जोर मारतं. वर्तुळावरून औषध किती लांब पोचलं ते कळतं, जिथं टेकलं तिथं किती जबर आहे ते कळत नाही. हे मी समजावल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तो कमजोर नाही. त्याला चालवत नाही, इतकंच." "गुडघे धरलेत त्याचे," मी म्हटलं. पुढे कितीतरी दिवस ते मला सांगत, की आज एका दाढेत गुडघेवाला ठेवून आलोय.

या चुन्यानं त्यांची एकदा चांगलीच फजिती केली. रामभाऊ नावाच्या म्हाताऱ्याच्या दाढेत ते औषध ठेवून वरून कच्चं बूच बसवलं होतं. बोलण्याच्या भरात डॉक्टर सांगून बसले, की औषध म्हणजे एक प्रकारचा चुनाच असतो. बूच निघालं. रामभाऊंनी कनवटीची तंबाखूची डबी उघडली, त्यातला चुना बोटावर घेतला आणि दाढेत कोंबला. दुसऱ्या दिवशी हिरडी भाजून पांढरीफटक. रामभाऊ आ वासून खुर्चीत, बोलायची सोय नाही, आणि त्यांची बायको डॉक्टरांवर तोफ डागतेय. "तुमीच म्हनला न्हवं, चुनाच हाय म्हनून? मंग दवाखान्यात यायला बाजाराच्या दिसाची वाट कशाला बगायची, म्हनलं घरातला लावा!" डॉक्टरांनी मुकाट्यानं हिरडी धुऊन दिली. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "बाई, मी त्यांना चुना लावला म्हणून ऐकलं असतं एक वेळ. पण त्यांनी स्वतःच लावून घेतला!" तेव्हापासून ते औषध पेशंटपुढं 'पांढरं औषध' झालं.

हे सगळं गमतीचं. पण त्यांना खरी काळजी होती ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची.

आमच्याकडची कितीतरी घरं दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून कारखान्यांच्या वाटेला लागतात. जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. निघायच्या आदल्या दिवशी कुणाचा तरी दात ठणकायला लागतो आणि मुकादम त्याला घेऊन दवाखान्यात येतो. दाताच्या मुळाशी पू असेल तर नळी एका बैठकीत भरता येत नाही. आत औषध ठेवायचं, आठ-पंधरा दिवसांनी बघायचं, कोरडं झालं तर बुजवायचं. पण पंधरा दिवसांनी माणूस कुठल्या तरी फडात ऊस तोडत असतो. म्हणून बाकीचे डॉक्टर दात काढून मोकळे होत, आणि त्यांचं चुकत होतं असं मलाही म्हणवत नाही. अर्धवट सोडलेला दात तिकडं खोपीत सुजला तर त्या माणसानं कुणाकडं जायचं?

डॉक्टरांना ते पटत नसे. तरण्याताठ्या पोरापोरींचे दात केवळ गाडी निघायची म्हणून उपटायचे, याचा त्यांना मनापासून संताप यायचा. "पांढरं औषध आत नीट ठासलं, वर पक्कं बूच घातलं, तर हंगामभर निभेल," ते म्हणत. "नंतर नंतर ते थकेल, कबूल. पण तोवर माणूस परत येईल की." अडचण दोन ठिकाणी होती. फडात राहून दातानं ऊस सोलायचा नाही, हे कुणी ऐकेना. आणि दुखायचं थांबलं की परतल्यावर कुणी दवाखान्याची पायरी चढेना. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा हिशेब मोडायचा कसा?

तो मोडला वांग्यानं. एकदा एक बाई खुर्चीत बसल्या बसल्या सांगत होती, की लेकराच्या आजारपणात तिनं देवाला वांगं सोडलंय. कैक वर्षं झाली, तोंड लावलेलं नाही. लेकरू बरं होऊन शाळेत जायला लागलं, पण देवाला जाऊन नवस फेडला नाही, म्हणून वांगं अजून सुटलेलंच. डॉक्टर त्या संध्याकाळी माझ्याकडं आले ते चपला न काढताच. "बाई, देवासाठी वांगं वर्षानुवर्षं सोडतात, आणि माझ्यासाठी ऊस एक हंगाम सोडत नाहीत! माझं काहीतरी चुकतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुया-चिमट्यांच्या कप्प्यात भंडाऱ्याची पुडी आली. ऊसतोडीला निघालेल्या माणसाचं बूच बसवून झालं, की डॉक्टर त्याच्या कपाळाला भंडारा लावत आणि वदवून घेत, "दात पुरा होईस्तोवर ऊस सोडला." सोडलेला ऊस सोडवायचा तर डॉक्टरांकडंच यावं लागायचं. स्वतः ते देवाला हातसुद्धा जोडायचे नाहीत. मी त्यांना छेडलं, "काय हे डॉक्टर, विज्ञानाची माणसं आपण." तर म्हणाले, "औषध जंतूंना अडवतं. माणसाला कुणी अडवायचं?" मग मी मुद्दाम बशीत भंडाराही ठेवून पाहिला. चिमूटभर वर्तुळ आलं सुद्धा. त्यात हळद किती आणि पीठ किती, ते दुकानदाराला माहीत.

आणि माणसं परत येऊ लागली. होळी झाली की डॉक्टर संध्याकाळी दवाखान्याबाहेर खुर्ची टाकून बसायचे. ट्रॅक्टर गावात शिरला की उभे राहायचे. कुणी गूळ घेऊन यायचं, कुणी उसाची मोळीच. "दाक्तर, ऊस सोडवा वो, तोंडाला पानी सुटतंय." डॉक्टर आधी बूच काढून वात आत घालून बघत, वास घेत, मग भरत, आणि मगच त्याच्या हातात उसाचं कांडं देत. सगळेच यायचे असं नाही. एखादा यायचा नाही तेव्हा ते मला विचारत राहायचे, "तो नाही आला हो. खालची दाढ." मी चहा पुढं करायची.

पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी ते लपवलं, मग कपबशीनं सांगून टाकलं. नवे दात घेणं त्यांनी आपणहून बंद केलं. मुलगा म्हणाला, दिवाळी झाली की पुण्याला चला. डॉक्टर हो म्हणाले. सामान बांधायला मीच जाणार होते.

आणि दसऱ्यानंतर मंगल आली.

विशी-बाविशीची पोरगी, सोबत सासू आणि मुकादम. आदल्या वर्षी मोळी गाडीत टाकताना उसाचा बुडखा तोंडावर बसला होता. वरचा पुढचा दात तेव्हापासून काळा पडला आणि आता हिरडीवर पुवाची पुळी आलेली. मी तेव्हा दवाखान्यातच, जुन्या वस्तू खोक्यात भरत होते.

"काडून टाका दाक्तर," सासू म्हणाली. "उद्या गाडी निगायची."

"मी आता काम बंद केलंय," डॉक्टर म्हणाले. "आणि काढत तर मी कधीच नव्हतो."

मुकादम घाईला आलेला. "मंग दुसरीकडं जातो. चल गं."

मंगल उठली नाही. तोंडावरचा पदर घट्ट धरून तशीच बसली. डॉक्टरांनी विचारलं, "तुला काय वाटतं? तुझा दात आहे."

तिनं एकदा सासूकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "नगा काडू. म्होरला दात हाय. माज्या आईचा असाच काडला हुता. ती मंग कुनाशी बोलायचीच न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मग खोक्यात गेलेल्या सुया परत बाहेर काढायला लावल्या. त्या दिवशी त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं धरून काम केलं. मी बॅटरी धरून उभी होते. पू यायचा थांबेना. धुवायचं, वात घालायची, वात ओली. पुन्हा धुवायचं. शेवटी पांढरं औषध ठासून त्यांनी वर एकावर एक दोन थरांचं बूच घातलं, आणि भंडारा लावला. मंगलनं ऊस सोडला.

रात्री मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. "एका दातासाठी तुम्ही सहा महिने थांबणार, बाबा?" पलीकडून इतक्या मोठ्यानं आलं की मला ऐकू आलं. "एकाच दातासाठी," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "दोन असते तरी तेवढेच थांबलो असतो."

तो हिवाळा त्यांनी वाट पाहण्यात काढला. रिकाम्या दवाखान्यात एक खुर्ची, एक तिवई आणि मंगलपुरतं सामान. रोज मुकादमाला फोन. "त्या पोरीला सूज नाही ना?" मुकादम वैतागायचा, पण सांगायचा, "न्हाई वो दाक्तर, पोरं ऊस खात्यात अन् ही बगत बसतीय." ते ऐकून डॉक्टरांचा दिवस चांगला जायचा. त्यांना खात्री नव्हती. आपला हात थरथरला, कुठंतरी फट राहिली असेल, जंतूंना वाट मिळाली असेल, हा घोर त्यांना लागला होता, आणि तो ते माझ्यापाशी दहा वेळा बोलून दाखवत. मी म्हणायची, "बूच चांगलं बसलंय." ते म्हणायचे, "तुम्ही बॅटरी धरली होती, बूच मी घातलंय."

त्या वर्षी हंगाम लांबला. होळी गेली, पाडवा गेला, ट्रॅक्टरचा पत्ता नाही. त्यातच डॉक्टर न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. मुलगा धावत आला आणि या खेपेला त्यानं ऐकूनच घेतलं नाही. खुर्ची एका नव्या डॉक्टरला देऊन टाकली, खोली रिकामी केली, निघायचा दिवस ठरवला. घर लावून द्यायला मीही चार दिवस पुण्याला जाणार होते.

निघायच्या सकाळी मुकादमाचा फोन आला. टोळी कालच निघालीय, दुपारपर्यंत गावात. डॉक्टरांनी हे मुलाला सांगितलं नाही. गाडी हायवेला लागली आणि गावाबाहेरच्या चहाच्या हॉटेलाशी आली तशी म्हणाले, "थांबव. चहा घ्यायचाय." परतीचे ट्रॅक्टर हमखास थांबतात ते तिथंच. चहा झाला, दुसरा झाला, मुलाच्या लक्षात यायचं ते आलं. तो बिचारा झाडाखाली जाऊन बसला. चांगला मुलगा आहे तो.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ट्रॅक्टर दिसला. भांडीकुंडी, खाटा, कोंबड्या, आणि वर बसलेली माणसं. डॉक्टर काठी टेकत थेट ट्रॉलीपाशी गेले. "मंगल!"

ती खाली उतरली. उन्हानं रापलेली, हडकलेली. भर हायवेवर, सगळ्या टोळीदेखत डॉक्टरांनी तिला सूर्याकडं तोंड करून उभं केलं आणि आ करायला लावला. बोटानं हिरडी दाबली. पुळी गेली होती. बूच जागच्या जागी होतं. त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं आणि मान हलवली.

"चला की दवाखान्यात," मंगल म्हणाली.

"दवाखाना आता नाही. मी चाललो पुण्याला."

ती गोंधळली. मग जणू साधीच गोष्ट असावी तशी म्हणाली, "मंग या की माघारी. तुमी येस्तवर मी थांबते. ऊस काय, आजून एक साल न्हाई खात."

इतकी वर्षं हा माणूस लोकांनी परत यावं म्हणून झटला. परत या, माझ्याकडंच या, एवढंच सांगत आला. आणि आता ती पोरगी थांबायला तयार होती, आणि त्यांना तिला नको म्हणावं लागत होतं. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

"नाही," ते म्हणाले. "माझी वाट बघायची नाही. आतलं औषध हंगामभराचंच असतं, पोरी. ते आता थकलंय. जितके दिवस थांबशील तितकी त्या जंतूंना संधी. उद्याच्या उद्या भरून घ्यायचा."

"कुनाकडनं? अन् माजा ऊस कोन सोडवनार?"

डॉक्टरांनी इकडंतिकडं पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "या बाई घेऊन जातील तुला. कर्जतला एक पोरगी आहे, दातांची डॉक्टर, हात चांगला आहे तिचा. ऊस बाईच सोडवतील." आणि मला म्हणाले, "उतरवा तुमची पिशवी."

"अहो, पण तुमचं घर..."

"घर काय, मुलगा लावील. पिशवी उतरवा."

डिकीतून पिशवी काढली. त्या माणसाला निरोप देताना बोलायचं म्हणून मी कितीतरी दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर बोलले नाही. मंगलनं हात दिला, मी ट्रॉलीवर चढले, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून बसले. डॉक्टरांची गाडी पुण्याच्या बाजूला गेली आणि आम्ही गावाकडं. मंगल मला धीर देत होती, "रडू नका बाई," आणि स्वतःही डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कर्जतला गेलो. त्या डॉक्टर पोरीनं बूच काढलं, औषध धुऊन काढलं, वात आत घातली. मी श्वास धरून उभी. वात बाहेर आली ती कोरडी. तिनं नाकाशी नेली, मलाही दिली. कसलाच वास नव्हता. तिनं त्याच बैठकीत नळी भरली, लेप लावला, वरून पक्कं बंद केलं. "आधी कुणी केलं होतं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "छान केलंय," ती म्हणाली.

स्टँडजवळ रसवंती होती. मी उसाचं एक कांडं मागून घेतलं आणि डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी नुसतं कपाळ आलं, मग एक डोळा. फोन धरायचा कसा हे त्यांना कधीच जमलं नाही.

"वात?" त्यांनी एवढंच विचारलं.

"कोरडी. वासही नाही."

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, कॉल अडकला. पण तो डोळा मिटत होता, उघडत होता. मग ते म्हणाले, "द्या तिला ऊस."

मी मंगलच्या हातात कांडं दिलं. सहा महिने उसाला आसुसलेली पोरगी ती. तिनं कांडं आडवं धरलं आणि सोलायला सरळ पुढचा दात लावला.

"अगं, अगं, त्या दातानं नाही!" डॉक्टर एवढ्यानं ओरडले की रसवंतीवाला दचकला. "आत्ता भरलाय! त्या दातानं कधीच सोलायचा नाही! दाढेनं खा, दाढेनं!" बोलता बोलता फोन लांब गेला आणि त्यांचा अख्खा चेहरा दिसला, रागावलेला आणि हसणारा. मंगलही तोंडावर पदर न घेता खळखळून हसायला लागली. तेवढ्यात चित्र थिजलं आणि कॉल तुटला. मी पुन्हा लावला, लागला नाही. नंतर आम्ही फोनवर बोललो, पण ते मला दिसले ते तेवढेच. पावसाळ्यात त्यांच्या मुलाकडून ते गेल्याचा निरोप आला.

त्या दिवशी रसवंतीपाशी मी फोन पिशवीत ठेवत होते. मंगलनं कांडं गालाकडं सरकवलं आणि विचारलं, "गेलं का त्ये? आता बगत न्हाईत ना?"

"नाही," मी म्हटलं.

"तरीबी दाढंनंच खाते," ती म्हणाली.